दुपारची नावं

१

मकबूलचाचांच्या दुकानात माझं काम एकच होतं. नाव लिहायचं. गोंदणार ते. मी बॉलपेननं हातावर अक्षरं काढून द्यायची, मग चाचा त्यावरून मशीन फिरवायचे. रेघ ओढण्यात त्यांचा हात पक्का, पण मराठी लिहिताना अडायचे. शाळा उर्दूची, तीही चौथीपर्यंत. माझं अक्षर छापल्यासारखं. मास्तरांनी आणि आमच्या अप्पांनी बारा वर्षं छड्या मारून मला जे काही शिकवलं, त्यातलं एवढंच उपयोगी पडलं.

दुकान म्हणजे लातुरात गोलाईच्या मागच्या बोळात जिन्याखालची खोली. अर्धं शटर, दोन स्टुलं, भिंतीवर नक्ष्यांचा बोर्ड. विंचू, मोर, तुळस, बदामात घुसलेला बाण. वरच्या मजल्यावर क्लास. दोनशे पोरं एका हॉलमध्ये. सर माइकवर ओरडणार, "कळलं का?" आणि दोनशे पोरं म्हणणार, "हो सर." कुणालाच कळलेलं नसायचं. सकाळी सातला हजेरीसुद्धा माइकवर. ती खाली आमच्या छतातून ऐकू यायची.

मी त्याच क्लासचा. बारावी रिपीटर. जूनमध्ये अप्पांनी नाव घातलं, ऑगस्टमध्ये मी जिना चढायच्या ऐवजी जिन्याखाली वळलो. अप्पांना पत्ता नव्हता. अप्पा, म्हणजे शिवमूर्ती कापडवाले, उदगीरला दुकानात गादीवर बसून गिऱ्हाइकांना सांगायचे, आमचा शिवप्रसाद डॉक्टर होऊन राहिलाय. म्हणजे मी काय करून राहिलोय ते मला सोडून सगळ्या उदगीरला माहीत होतं.

इथं मी खूश होतो. बाया नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाहीत, म्हणून रेशनकार्ड घेऊन यायच्या. पहिल्या ओळीवर बोट ठेवायचं आणि दुसरीकडे बघायचं. मी कार्डावरून नाव उतरवून घ्यायचो. एकदा एकीच्या कार्डावर कुटुंबप्रमुख सासरा निघाला. मी अर्धा सासरा लिहिला तेव्हा तिचं लक्ष गेलं. चाचा दोन दिवस हसत होते.

दुपारी डबा खाल्ला की मी भिंतीकडच्या स्टुलावर पाठ टेकून झोपायचो. होस्टेलवर एका खोलीत सहा जण, रात्रभर ट्यूबलाइट, डोळ्याला डोळा लागायचा नाही. इथं पाऊण तास मेल्यासारखी झोप.

मला एकच गोष्ट पाहिजे होती. मशीन. रोज दुधी भोपळ्यावर हात बसवत होतो, स्वतःच्या पोटरीवर पाच रेघा मारून झाल्या होत्या. चाचांना विचारलं की म्हणायचे, "डाव्या अंगठ्यानं चमडी ताणायला शीक पहले. ढिली चमडी पे रेघ पळती." ते शिकलो. मग म्हणाले, गणपती होऊ दे. गणपती झाले. मग म्हणाले, दिवाळी होऊ दे. मोठी माणसं नाही म्हणत नाहीत. कॅलेंडर दाखवतात.

२

पहिली आली ती धुरपताबाई. सप्टेंबरअखेरची दुपार, तीन वाजले असतील. मी नुकताच जागा झालो होतो. पंचेचाळिशीची बाई, औशाच्या पुढच्या गावची. भूकंपानंतर सरकारनं नव्यानं बसवलेल्या गावांपैकी एक. तिनं हात पुढे केला, मी रेशनकार्डासाठी माझा हात पुढे केला.

"कार्ड कशाला?" ती म्हणाली. "लिहिलंय की."

तिच्या हातावर निळ्या पेननं नाव होतं. शिवकन्या.

"कुणी लिहिलं?"

"कुणी म्हंजी? तूच न्हवं का मघाशी."

"मी?"

"मग काय तुझ्या बापानं?"

मी वाकून बघितलं. माझा श सुरू होताना एक गाठ पडते. त्या गाठीसाठी मी लई मार खाल्लाय, पण ती सुटली नाही. ती गाठ तिथं होती. शाई ताजी, कुठं पुसट नाही.

सकाळी लिहून विसरलो असेन, असं मनाशी म्हणालो. पण सकाळी तीनच गिऱ्हाइकं झाली होती. दोन बदाम आणि एक विंचू.

"शिवकन्या कोण?"

"लेक माझी. हितंच हाय, तुमच्या डोक्यावर." तिनं छताकडे बोट केलं. "अकरावीला. होस्टेलात झोपती. स्लॅबखाली." स्लॅब हा शब्द तिनं असा उच्चारला, जसं कुणी विहीर म्हणावं. "आमच्याकडं पोर दुसऱ्याच्या छताखाली झोपाया लागलं का आई हातावर नाव घेती. त्या साली कैक जण बिननावाचे गेले. वळख पटली ती गोंदणावरूनच."

भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. उदगीरला आमची भांडी पडली होती, बस.

चाचांनी नावाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि मशीन सुरू केलं. मनगटाजवळ सुई गेली की भले भले गडी हात ओढतात. धुरपताबाईनं जांभई दिली. पार शेवटच्या कान्यापर्यंत ती शांत बसून होती. मग हळद-तेल लावून घेतलं, पदर सारखा केला.

"आता न्याया हरकत न्हाई," ती म्हणाली आणि जिना चढून वर गेली.

३

वरची हजेरी मला कानानं पाठ होती. एकसष्ट नंबर, शिवकन्या, आणि नाकात सर्दी असलेल्या एका पोरीचा आवाज, "येस सर." दुसऱ्या दिवशी एकसष्ट आला नाही. आईनं नेलं असेल, मी म्हणालो. चौथ्या दिवशी एकसष्ट नंबरला कुणा पोरानं ओ दिली.

मी वर गेलो. ऑफिसात एक क्लार्क बसायचा, पान खाऊन बोलणारा.

"एकसष्टची मुलगी कुठं गेली?"

"कोणती मुलगी?"

"शिवकन्या. औशाकडची."

त्यानं रजिस्टर माझ्यापुढं ढकललं. जूनपासून एकसष्ट नंबरला त्या पोराचंच नाव होतं. खाडाखोड नाही, व्हाइटनर नाही. "अशी मुलगी नव्हतीच इथं," तो म्हणाला. "तू कोण? तुझं नाव काय?"

मी खाली आलो. कानांना भास झाला असेल, असं धरून चाललो. कान फसू शकतात. दोन महिने रोज फसत नाहीत, पण ते मी बाजूला ठेवलं.

पुढच्या दोन आठवड्यांत चौघी आल्या. साखराबाई, केवळाबाई आणि आणखी दोघी. सगळ्या दुपारच्या, सगळ्या औशाकडच्या, सगळ्यांच्या हातावर निळी नावं माझ्या अक्षरात. दुसऱ्या दिवशी सकाळी वरची हजेरी त्या नावाला न थांबता पुढे जायची. वरचा गलका काही कमी झाला नाही. क्लासला वेटिंग लिस्ट होती.

मी चाचांना विचारलं, "तुम्ही बघून राहिलात ना हे?"

"लिखेला है तो गोदना अपना काम. लिखता तू है."

"मी लिहीत नाही."

त्यांनी सुई डेटॉलमध्ये बुडवली. बराच वेळ ती तशीच धरली. "तेरेकु मशीन होना ना? दिवाळी के बाद. मग चुप बैठ."

माणूस ओळखतो कसं गप्प करायचं ते. मी गप्प बसलो. मशीनसाठी बसलो, हे पण सांगून टाकतो.

४

सबिहा ही चाचांची मुलगी. बारावी कॉमर्स, दुपारी एकला आमचे डबे घेऊन यायची. बापाला घाबरत नव्हती, मला तर नाहीच नाही.

"तुला खरंच माहीत नाही?" तिनं एक दिवस विचारलं.

"काय?"

"तूच लिहितोस. झोपेत."

मी हसलो. ती हसली नाही.

"डबा खाऊन तू डोळे मिटतोस. मग त्या येतात, समोरच्या स्टुलावर बसतात, हात तुझ्या मांडीवर ठेवतात. तू खिशातला पेन काढतोस. मी तीनदा बघितलंय."

"त्या नाव सांगतात?"

"काही बोलत नाहीत. तू पण विचारत नाहीस."

"आणि कार्ड?"

"कार्ड बिर्ड काही नाही."

"मग उठवायचं ना मला."

"उठवलं होतं की एकदा. खांदे धरून हलवलं. तू लिहीत राहिलास. अब्बा म्हणाले, छोड दे उसकु." ती डब्याचं झाकण लावत होती, ते नीट बसत नव्हतं. "एक सांगू? दिवसभर तू तोंड वाकडं करून बसलेला असतोस. तेव्हा हसतोस. असा, हळू. बरा दिसतोस."

दुसऱ्या दिवशी मी पेन सबिहाकडे देऊन झोपलो. उठलो तेव्हा पेन माझ्या बोटांत होता. सबिहा शटरच्या बाहेर उन्हात उभी होती. मी विचारलं, तू दिलास का परत? ती म्हणाली, तू मागितलास. नाव घेऊन मागितलास. पण हाक मारलेलं नाव माझं नाही, दुसऱ्याच कुणाचं.

कुणाचं, ते तिनं सांगितलं नाही.

५

एका शुक्रवारी दुकान बंद होतं. मी एसटीनं औशाला गेलो, तिथून जीपनं त्या गावाला. सरळ रुंद रस्ते, एकसारखी घरं, भिंतींवर प्लॉट नंबर. दुपार कलली होती. कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. धुरपताबाईचं घर विचारावं लागलं नाही, ती फाटकातच उभी होती.

"आलास? पाणी पी."

अंगणात, घरापासून लांब, उघड्या आभाळाखाली सहा बाजा ओळीनं टाकल्या होत्या. पाचांवर पोरं झोपली होती. तीन मुली, दोन मुलगे. अंगावर गोधड्या. उन्हं तोंडावर येऊ नयेत म्हणून बाजूला साड्या बांधल्या होत्या, पण डोक्यावर काही नाही. केवळाबाई उशाशी बसून वारा घालत होती.

पहिल्या बाजेवर दोन वेण्यांची पोरगी होती. श्वास घेताना नाकात सर्दीचा आवाज येत होता.

"ही शिवकन्या?"

"हाव."

"उठवा की."

"कशापायी? आली तवाची झोपली हाय. लई जागली होती बिचारी तिथं."

"तीन आठवडे?"

"झाले असतील."

"आणि जेवण?"

"ओठाला घास लावला का खाती. झोपंतच." तिच्या आवाजात समाधान होतं. चांगला सौदा झालेल्या माणसासारखं. "आता रातीला जीव टांगणीला न्हाई, बघ. सगळी हितं डोळ्यापुढं."

पोरगी निरोगी दिसत होती, गाल भरलेले. मी स्वतःला सांगितलं, आजार असेल, डॉक्टरला दाखवायला पाहिजे. तेवढ्यात मला तिचा हात दिसला. गोधडीवर तिचं बोट फिरत होतं. हळू, नीट, शाळेत कित्ता गिरवावा तसं. गाठ घालून श, त्याला वेलांटी, मग व.

तिचं नाव पण तसंच सुरू होतं. मी तेच धरून बसलो. मग बाकीच्या चौघांकडे बघितलं. त्यांची बोटं पण चालू होती. तीच गाठ, तीच वेलांटी. त्यांची नावं मला माहीत होती, मीच लिहिली होती. त्यांतलं एकही तसं सुरू होत नव्हतं.

पुढचं अक्षर मी बघितलं नाही.

सहाव्या बाजेवर अंथरूण घातलेलं होतं. धुतलेली गोधडी, उशी.

"ही कुणाची?"

"कुणाची बी," केवळाबाई म्हणाली. "येईल की कुणी."

खोटं कशाला बोलू. भीती वाटली ती जीपमध्ये बसल्यावर. आधी मला हेवा वाटला.

६

दिवाळी संपली. क्लासवाल्यांनी गैरहजेरीचं पोस्टकार्ड उदगीरला पाठवलं आणि अप्पा आले. बरोबर अव्वा, माझी आई.

अप्पांनी शटरच्या बाहेरूनच सुरुवात केली. "डॉक्टर व्हायला पाठवलं आणि हा इथं बायकांचे हात धरून बसलाय."

"डॉक्टर पण हातच धरतात," मी म्हणालो.

"तोंड बघा. मकबूलमियाँ, तुम्हाला तरी काही वाटायला पाहिजे होतं. शिकल्या-सवरल्या घरातलं पोर आहे."

चाचा सुई पुसत राहिले. ते गिऱ्हाइकाशी वाद घालत नाहीत आणि अप्पांचा आवाज गिऱ्हाइकासारखा होता.

"सामान उचल. उद्यापासून वर बसायचं. मी पुढच्या वर्षीचं पण बोलून ठेवलंय."

"अप्पा, तुम्हाला बारावीत किती मार्क होते?"

"मला शिकायला मिळालं नाही."

"मला पण नाही मिळून राहिलं. तुम्हीच मधी येताय."

त्यांचा हात उठला. तेवढ्यात अव्वा माझ्या समोरच्या स्टुलावर येऊन बसली. आमची अव्वा, सिद्धम्मा, घरात कन्नड बोलते आणि बाहेर बहुतेक गप्प असते. तिनं बांगड्या कोपराकडे सारल्या.

निळ्या पेननं शिवप्रसाद लिहिलेलं होतं. श ला गाठ.

"ऊटा आयता?" तिनं विचारलं. जेवलास का, ते.

"अव्वा, हे कधी?"

"बुधवारी येऊन गेले. तू झोपला होतास. हात ठेवला."

"तुला कुणी सांगितलं?"

"बसमध्ये एक बाई भेटली. चांगली होती." तिनं माझ्या डोळ्यांखालून बोट फिरवलं. "बघ कसे झालेत. घरी येऊन झोप, बाळा. अंगणात टाकते."

मी डेटॉलचा कपडा घेतला आणि घासायला लागलो. पेनची शाई, दोन फटक्यांत जाते. ती गेली नाही. कातडी लाल झाली, निळं तसंच.

"घासू नको, दुखतं," अव्वा म्हणाली. "सुईनं कर."

चाचा उठले. त्यांनी मशीन माझ्या हातात दिलं. "ले. नाम तेरा, अम्मी तेरी. मेरे से नहीं होता." आणि बोळात निघून गेले. आयुष्यात पहिल्यांदा एका मोठ्या माणसानं मला पाहिजे ते दिलं, आणि तेही स्वतःची सुटका करून घ्यायला.

मी नाही म्हणू शकलो असतो. मशीन जड होतं, गरम होतं, बोटांत बरोबर बसलं. मी डाव्या अंगठ्यानं अव्वाच्या हाताची कातडी ताणली.

शि झाला. रक्ताचा थेंब नाही. व झाला तेव्हा वरचे सर मला लांबून ऐकू यायला लागले, जसे विहिरीच्या काठावरून. प्रची तिरपी रेघ मी एका झटक्यात ओढली, दुधीवर कधी जमली नव्हती. मला इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. अप्पा दुसऱ्या स्टुलावर बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा राग उतरत होता. "असू दे," ते म्हणाले, "घरी तरी राहील." कुठलं वर बसणं, कुठला क्लास, त्यांनी पुन्हा नावच काढलं नाही. सा झाला. पापण्या मिटत होत्या. अव्वा माझ्याकडे बघून हसत होती आणि मला कळलं की मी पण हसतोय.

मी बटण बंद केलं.

"द राहिला की," अव्वा म्हणाली.

"हात सुजेल. पुढच्या वेळी."

"आता कर ना."

"पुढच्या वेळी, अव्वा."

७

मशीन आता माझ्याकडंच असतं. चाचा बाहेर खुर्ची टाकून चहा पितात. माझा हात चांगला बसलाय, नांदेडवरून, बिलोलीवरून माणसं येतात. मोर मी चाचांपेक्षा चांगला काढतो, ते स्वतः म्हणतात. क्लासवाल्यांनी दुसरा मजला पण घेतलाय.

दुपारी मी झोपत नाही. चहा पितो, उभा राहतो. तरी बाया येतात, हातावर निळं नाव असतंच. मी आता विचारत नाही. सगळ्यांची नावं पूर्ण करतो, शेवटच्या अक्षरापर्यंत, घाई न करता. औशाच्या पुढं बाजा वाढल्या असतील. मी परत गेलो नाही.

सबिहा डबे आणत नाही. एकदाच आली, दारातून म्हणाली, "लोकांची पूर्ण करतोस आणि स्वतःचं अर्धं ठेवतोस."

"हाव," मी म्हणालो.

"तुला काहीच वाटत नाही?"

मी विचार केला. खरंच केला. मला बरं वाटून राहिलं होतं. काम आहे, हात चालतो, कुणी ओरडत नाही. पोरं झोपतात, आया निवांत. मी तिला तसं सांगितलं. ती गेली.

अव्वा दर बुधवारी येते. शिवप्रसापर्यंतची अक्षरं आता हिरवट पडलीत. द निळाच आहे. इतके महिने भाकरी थापते, भांडी घासते, तो पुसला जात नाही.

आजही आली. हात पुढे केला.

"झोप येत नाही का रे तुला?"

"येते, अव्वा."

"मग?"

"आज गर्दी आहे."

ती रागावली नाही. उठून भिंतीकडच्या स्टुलावर बसली, पाठ टेकली, पदर पोटाशी घेतला. "होऊ दे तुझं. मी बसते. मला आता उदगीरला काही काम नाही."

मी पुढच्या बाईला आत घेतलं. गुरम्मा, देगलूरकडची. पोरगा वरच्या नव्या मजल्यावर शिकतो म्हणाली. मी तिचा हात उजेडात धरला, कातडी ताणली आणि सुरुवात केली. अव्वा एकेक अक्षर बघत होती. गुरम्मानं जांभई दिली. मी शेवटचं अक्षर पूर्ण केलं, हळद-तेल लावलं आणि म्हणालो, "झालं, मावशी. घेऊन जा त्याला."